डोळ्यांच्या गाडीचं तेल

डिझेल गाडीत कुठलं इंजिन ऑइल घालायचं, हे ठरवायला माणसाला तीन मिनिटं लागतात. परिशिष्टकाकांना तीन महिने लागले, आणि त्यांचं म्हणणं असं की शेवटी शेवटी जरा घाईच झाली.

परिशिष्टकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते मध्यवर्ती खरेदी कार्यालयात होते. सरकारी खात्यांना लागणारी वस्तू कशी असावी, हे कागदावर लिहून काढायचं, दुकानदाराला पळवाट म्हणून राहू द्यायची नाही, आणि मागं परिशिष्टं जोडायची, हे त्यांचं काम. टाचणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत काहीही. एकदा त्यांनी साध्या झाडूचं विनिर्देशपत्र अकरा पानांचं केलं होतं. त्यात काड्यांची लांबी होती, बांधणीचे वेढे होते, आणि 'झाडणाऱ्याची सरासरी उंची' या विषयावर एक तक्ताही होता. वरचे साहेब हसत हसत सही करते झाले. तो झाडू नऊ वर्षं टिकला. हसणारे साहेब तीन वर्षांत बदलून गेले. ही हकिकत काका कुणालाही आणि कुठल्याही निमित्तानं सांगत. दाढदुखीचा विषय निघाला तरी चौथ्या वाक्याला झाडू येई.

तर गाडी. काकूंची पाठ तासाभराच्या वर बसू देत नसे. त्यांची थोरली बहीण, अक्का, सहाशे किलोमीटर लांब राहायची आणि तिचे गुडघे तिला फाटकाच्याही पुढं जाऊ देत नसत. एकीची पाठ आणि दुसरीचे गुडघे यांच्या भांडणात दोघी बहिणी सहा वर्षं एकमेकींना भेटल्या नव्हत्या. रोज सकाळी फोनवर बोलत, आणि फोन ठेवल्यावर काकू थोडा वेळ उगाचच पडदे सारखे करत बसत. चौदा तारखेला अक्काला ऐंशी पूर्ण होणार होती. काकांनी बायकोला शब्द दिला होता, "तुला आडवी घालून नेईन, पण नेईन."

आडवी न्यायची म्हणजे गाडीत पलंग हवा. आरोग्य खात्याच्या लिलावात एक उंच, पांढरी डिझेल गाडी निघाली. गावोगाव फिरून डोळे तपासायची गाडी होती ती. काकांनी तिच्यात पलंग बसवला, छोटा ओटा केला, पाण्याची टाकी लावली. काकूंचा धाकटा भाऊ तिला मोटरहोम म्हणायचा. बाकी सगळी वसाहत 'डोळ्यांची गाडी' म्हणायची, कारण लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता भिंतीला इतक्या इमानानं चिकटवला होता की तो निघाला नाही. तपासणीची खुर्चीही जमिनीत बोल्टांनी घट्ट होती. ती मागं कलायची, वर व्हायची, तिला डोकं टेकायला उशी होती. काकांनी तिला 'जेवणाची खुर्ची' असं नाव दिलं आणि प्रश्न मिटवला.

राहता राहिलं ऑइल बदलणं. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं, ते डोळे तपासायच्या यंत्राचं निघालं. इंजिनाचं पुस्तक लिलावाच्या यादीत होतं, गाडीत नव्हतं. बोनेटच्या आतली पत्र्याची पट्टी इतकी गंजली होती की तिच्यावरचा मजकूर वाचायला दुसरी डोळ्यांची गाडी आणावी लागली असती.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक कमी बोलणारा माणूस. त्यानं तेल मोजायचं गेज ओढून काढलं, टोकावरचा काळा थेंब दोन बोटांत चोळला, वास घेतला आणि म्हणाला, "पंधरा-चाळीस टाकू, साहेब. सगळ्या डिझेलला चालतं. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

दुसरा कुणी असता तर बरं म्हणून घरी गेला असता. काकांनी विचारलं, "सगळ्या म्हणजे कुठल्या?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या."

"हे तुमच्याकडे लेखी आहे?"

मेकॅनिकनं हात पुसले. तीस वर्षांत त्याच्याकडून कुणी काही लिहून मागितलं नव्हतं. लोक गाडी मागत. काकांनी त्याला सौम्यपणे समजावलं की 'सगळ्यांना चालतं' हा अभिप्राय झाला, विनिर्देश नव्हे, आणि गाडी परत घरी आणली. मेकॅनिक ती वळेपर्यंत बघत उभा राहिला. त्यानं पुष्कळ गिऱ्हाइकं घासाघीस करताना पाहिली होती. पुराव्यासाठी अडून बसलेलं हे पहिलंच.

आता खरी गोष्ट सांगायची तर काका घाबरले होते. चौतीस वर्षं त्यांनी जे जे लिहिलं ते खात्यासाठी. झाडू मोडला असता तर खात्याचा मोडला असता. इथं मागच्या पलंगावर बायको आडवी, आजूबाजूला निर्मनुष्य रस्ता आणि इंजिन जाम, असं चित्र त्यांना दिवसाढवळ्या दिसे. आणि त्या चित्रात कोपऱ्यात सही त्यांची असे. पण भीतीचा उच्चार करायची त्यांना सवय नव्हती. भीती वाटली की ते फाइल उघडत.

फाइल उघडली. 'विषय: वाहनाकरिता इंजिन ऑइल निश्चित करणेबाबत.' आणि इथंच त्यांच्या हातून ती चूक झाली जी फक्त खरेदी कार्यालयातला माणूसच करू शकतो. त्यांनी शेजाऱ्यांचे अभिप्राय लेखी मागवले. माणसाला तोंडी विचारलं तर 'बघा बुवा' म्हणून तो सुटतो. लेखी विचारलं की आपण तज्ज्ञ आहोत असा त्याला साक्षात्कार होतो.

तळमजल्यावर जहाजवाले राहत. जहाजाच्या इंजिनखोलीत हयात घालवलेले. त्यांनी चार पानं दिली आणि मागं स्वतः काढलेली आकृती. त्यांच्या मते एकच नंबरचं, नुसतं चाळीस, मधासारखं घट्ट ऑइल घालावं. आकृतीतलं इंजिन तीन मजली होतं आणि त्याला शिडी होती. आपली गाडी रस्त्यावर चालते, याकडे काकांनी त्यांचं लक्ष वेधलं तेव्हा ते म्हणाले की पाणी काय नि डांबर काय, पिस्टनला आतून दोन्ही सारखंच. वरच्या मजल्यावरच्या बाईंचं औषधांचं दुकान होतं. त्यांनी इंजिनाचं वय विचारलं, आधी काय चालू होतं ते विचारलं, आणि लिहून दिलं की म्हाताऱ्याची जुनी औषधं एकदम बदलू नयेत. जुनं औषध कुठलं, हाच तर प्रश्न होता. पण कागदावर दुकानाचा शिक्का होता, म्हणून काकांनी तो आदरानं फाइलला लावला.

काकूंचा भाऊ मात्र लिहून देणाऱ्यातला नव्हता. तो नव्या गाडीतून आला, किल्ली टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि म्हणाला, "भावोजी, पंधरा-चाळीस आता ट्रॅक्टरवालेसुद्धा विचारत नाहीत. पाच-तीस घ्या. सिंथेटिक. पाण्यासारखं पातळ, सगळ्यात महाग." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "ताई, तू अक्काकडे पोचलीस तर मला कळव. गल्लीच्या टोकाला पोचलीस तरी कळव."

काकू हसल्या. काकांनी ते हसणं मनात नोंदवून ठेवलं.

तीन पक्ष झाले, तेव्हा तीन नमुने मागवणं ओघानंच आलं. मेकॅनिकचं पंधरा-चाळीस तो नमुना क, जहाजवाल्यांचा मध तो नमुना ख, मेहुण्याचं पाणी तो नमुना ग. खोकल्याच्या औषधाच्या तीन तपकिरी बाटल्या औषधवाल्या बाईंनीच दिल्या. पहिला आकडा गारठ्यातला आणि दुसरा तापलेल्या इंजिनातला, एवढं काकांनी वाचून काढलं होतं. म्हणून गारठ्याची परीक्षा घ्यायला बाटल्या फ्रीजरमध्ये गेल्या. दर दोन तासांनी काका फ्रीज उघडत, बाटली आडवी करत आणि घड्याळ लावून तेल कधी सरकतं ते बघत. दुसऱ्या दिवशी काकूंनी बर्फ काढायला हात घातला आणि त्यांच्या हाती जहाज लागलं. त्यांनी बाटल्या बाहेर काढल्या आणि काकांना एवढंच सांगितलं की माझ्या स्वयंपाकघरात एक तर मी राहीन किंवा नमुना ख.

बाटल्या झोपायच्या खोलीच्या खिडकीत आल्या. त्याच खिडकीत काकूंच्या पाठीला लावायचं तेल असे. तेही त्याच दुकानातलं, तशाच तपकिरी बाटलीतलं.

पुढचं तुम्ही ओळखलंत. काकांनी ओळखलं दुसऱ्या दिवशी सकाळी, चादर उचलताना. रात्री पाठ चोळून देताना काकू म्हणाल्या होत्या, "आज हात बरा फिरतोय तुमचा. तेल नवं आणलंत का?" आणि पुष्कळ दिवसांनी त्या कूस न बदलता झोपल्या होत्या. सकाळी नमुना क ची पातळी दोन बोटं खाली होती. काका चादर हातात धरून बराच वेळ उभे राहिले. बायकोला सांगावं की न सांगावं, हा झाला संसारातला प्रश्न. पण हाती आलेला निष्कर्ष फाइलमध्ये न घेणं, हा त्यांना सरळ सरळ अप्रामाणिकपणा वाटला. म्हणून पान एक्केचाळीसवर नोंद पडली: 'नमुना क. पसरण्याची क्षमता उत्तम. सांध्यांपर्यंत पोहोचते. वापरकर्त्याची तक्रार नाही.'

चार दिवसांनी फाइल टेबलावर उघडी राहिली. काकूंनी पान वाचलं, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"वापरकर्ता म्हणजे मी का?"

काका म्हणाले, "तसा तो पारिभाषिक शब्द आहे."

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गाडीला तेच घाला. मला गुण आला." पण हा अभिप्राय तोंडी होता.

आता एकच मार्ग राहिला. ज्या खात्यानं गाडी वीस-बावीस वर्षं चालवली, त्याच्याकडे काय घालायचं ते लेखी असणारच. काका आरोग्य खात्याच्या वाहन विभागात गेले. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं नंबर विचारला, रजिस्टर काढलं, पानावरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं.

"ही गाडी तुमच्याकडे आहे?"

काकांनी सांगितलं की रीतसर लिलावात घेतली आहे.

"असेल. पण आमच्या कागदांवर ती अजून डोळे तपासतेय. तीन महिन्यांचे अहवाल थकलेत." त्यानं छापील तक्ते पुढं सरकवले. "हे भरल्याशिवाय मला गाडीबद्दल काही पत्रव्यवहार करता यायचा नाही."

दुसरा माणूस इथं भांडला असता. काकांच्या डोळ्यांपुढं तीन कोरे तक्ते होते, आणि कोरा तक्ता त्यांना आयुष्यात कधी बघवला नव्हता. त्यांनी तिथंच बसून, स्वतःच्या पेनानं, सुंदर अक्षरात तीनही महिने भरले. तपासलेले रुग्ण: निरंक. तपासलेले डोळे, उजवे: निरंक. डावे: निरंक. शेऱ्यात लिहिलं, 'ऑइलबाबत निर्णय प्रलंबित असल्याने वाहन जागेवर उभे आहे.' कारकुनानं कागद हातात घेतले आणि मनापासून म्हणाला, "इतका स्वच्छ अहवाल या विभागात कुणी दिलेला नाही, काका." काका त्या दिवशी घरी चालत आले. बसमध्ये उगाच गर्दीत अभिमान चुरगळला असता.

चार तारखेला मेहुण्याचा फोन आला. आता तरी बसची तिकिटं काढू का, एवढंच तो म्हणाला. काकूंनी फोन ठेवला आणि पडदे सारखे केले. मग त्या काकांसमोर बसल्या. त्या बसल्या, यावरूनच काकांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"हे बघा. बारा तारखेला सकाळी सहाला मी या घरातून निघणार. तुमच्या गाडीतून निघाले तर आडवी, नाहीतर बसनं, बसून. पाठीचं व्हायचं ते होऊ दे. अक्का पुन्हा काही ऐंशीची व्हायची नाही."

काकांनी मान डोलवली. त्या दिवशी त्यांनी फाइल उघडली नाही. नुसतेच गाडीत जाऊन तपासणीच्या खुर्चीवर बसले आणि समोरचा तक्ता बघत राहिले. पाचव्या ओळीच्या खाली त्यांना काही वाचता येईना.

आठ तारखेला आरोग्य खात्याचा जाड लखोटा आला. वरच्या पत्रात लिहिलं होतं की आपल्या अखत्यारीतील वाहनाने सलग तीन महिने एकही डोळा तपासला नाही, कामगिरी असमाधानकारक आहे, सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

काकांनी जावक क्रमांक तपासला. तो खरा होता. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक साधा मेमो मिळाला नव्हता. निरोपाच्या भाषणात साहेबांनी हे दोनदा सांगितलं होतं. आणि आता, निवृत्तीनंतर, तेही डोळे न तपासल्याबद्दल. काकूंना आधी हसू आलं. पण काकांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं आणि पाणी आणून दिलं. मग त्यांनीच लखोट्यात पुन्हा हात घातला. आत आणखी कागद होते. खुलासा करणाऱ्याच्या सोयीसाठी खात्यानं वाहन देखभालीचे स्थायी आदेश जोडले होते, परिशिष्ट क पासून परिशिष्ट च पर्यंत. आणि त्यातलं परिशिष्ट ग: 'विभागीय डिझेल वाहनांकरिता वंगण तेलाचे विनिर्देश.' सात पानं.

काकांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. पहिल्या पानावर ते सावरून बसले. दुसऱ्या पानावर 'वा' म्हणाले. तिसऱ्या पानावर त्यांच्यानं राहवेना.

"अगं, ऐक हे. 'डबा उघडलेला आढळल्यास तो भरलेला आहे या कारणास्तव स्वीकारू नये.' काय वाक्य आहे! पळवाटच नाही. आणि ही पोटकलमं बघ, कशी एकात एक बसलीत. आजकाल असं लिहिणारे राहिले नाहीत. कोण असेल हा माणूस? भेटायला हवं एकदा."

काकू खांद्यावरून बघत होत्या. चौथ्या पानावर कलम ४.२ होतं, आणि काकांनी ते उभं राहून मोठ्यानं वाचलं: "'पंधरा-चाळीस श्रेणीचे वंगण तेल सर्व प्रकारच्या डिझेल वाहनांकरिता अनुज्ञेय राहील.' संपलं! लेखी! याला म्हणतात विनिर्देश."

त्यांनी विजयानं शेवटचं पान उलटलं. तळाशी डाव्या कोपऱ्यात, मसुदा करणाऱ्याची म्हणून, एक छोटी आद्याक्षरी सही होती. तिची शेपटी खाली जाऊन पुन्हा वर वळली होती आणि तिच्यावर दोन टिंबं होती.

काकू म्हणाल्या, "ही शेपटी मी मुलीच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितली आहे."

अकराशेच्या वर विनिर्देश लिहिले होते काकांनी. सगळे कुठले आठवायला? पण आता आठवलं. बावीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार. पावणेपाच वाजलेले, आणि कागद पाचला आरोग्य खात्यात जायचा. तेलातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर खिडकीपाशी स्टुलावर चहा पीत बसला होता. काकांनी कागदावरून मान न उचलता विचारलं, "काय हो, डिझेल गाडीला ऑइल कुठलं?" आणि तो चहाचा घोट गिळून म्हणाला, "पंधरा-चाळीस टाका, साहेब. सगळ्या डिझेलला चालतं." एवढंच. त्या एका घोटावर काकांनी सात पानं उभी केली होती. आधार या रकान्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक सल्ल्यानुसार.' तांत्रिक सल्ला स्टुलावर बसला होता, हे लिहायचं राहून गेलं.

दुसरा माणूस खजील झाला असता. काकाही झाले; पाचेक मिनिटं. मग त्यांनी कागद पुन्हा हातात घेतले आणि पहिल्यापासून वाचले, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदाही त्यांना ते आवडले. बावीस वर्षं आरोग्य खात्याच्या सगळ्या गाड्या या सात पानांवर धावल्या होत्या. रोगी पोचले होते, डॉक्टर पोचले होते. एकही इंजिन जाम झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी फाइल ओढली आणि शेवटची टिप्पणी लिहिली. पान एकशे बारा: 'परिशिष्ट ग मधील तांत्रिक सल्ला कार्यालयाच्या जीपचालकाने तोंडी दिला होता. त्याचा उल्लेख त्या वेळी करण्यात आला नाही. तो आता करण्यात येत आहे. सल्ला बरोबर होता.' खाली आद्याक्षरी. या वेळी शेपटी जरा आखूड होती.

मग ते मेकॅनिककडे गेले. त्यानं पत्र हातात घेतलं नाही, हाताला ग्रीस होतं. काकांनीच कलम वाचून दाखवलं.

"तीन महिन्यांपूर्वी मी हेच बोललो होतो, साहेब."

"बोलला होतात. आता लेखी आहे."

"पण लेखी दिलं कुणी?"

काकांना खोटं बोलता येत नसे. ते म्हणाले, "मी."

मेकॅनिक गिऱ्हाइकाला कधी हसत नसे. धंद्याचं तत्त्व होतं ते. म्हणून तो शेजारच्या गाडीखाली गेला. आतून बराच वेळ काही हत्यार वाजल्याचा आवाज आला नाही. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "उद्या संध्याकाळी घेऊन जा."

बारा तारखेला सकाळी सहाला डोळ्यांची गाडी सुरू झाली. पहिल्याच किल्लीला. जहाजवाले खाली उभे राहून कान देऊन ऐकत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे होकारार्थी. गाडी गल्लीच्या टोकाला पोचल्यावर काकूंनी आडव्याआडव्या भावाला फोन लावला आणि म्हणाल्या, "टोकाला पोचले. कळव म्हणाला होतास ना?" काकांनी हे पुढून ऐकलं आणि मनात नोंदवलेलं ते जुनं हसणं खोडून टाकलं.

दोन दिवस लागले. दर दोनशे किलोमीटरला काका थांबून गेज बघत, आणि तेल होतं तिथंच असे. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाची एक फळी खचली आणि काकूंची पाठ कुरकुरायला लागली. पण त्यांनी काहीतरी केलं आणि तक्रार बंद झाली. काय केलं ते काकांनी विचारलं नाही. ते कान इंजिनाला लावून होते.

अक्का फाटकात उभ्या होत्या, काठीवर. त्यांनी बहिणीला मिठी मारली ती सोडेचनात, आणि काका तेवढा वेळ टायर बघत राहिले, टायरांना काही झालं नव्हतं तरी. मग अक्कांना गाडी आतून बघायची होती. तिघांनी मिळून त्यांना वर चढवलं आणि त्या तपासणीच्या खुर्चीत बसल्या. काकांनी खुर्ची वर केली, जरा मागं कलवली, मान टेकवली. अक्का म्हणाल्या की घरात एकही खुर्ची गुडघ्यांना अशी मानवत नाही. समोर तक्ता होता, तर त्यांनी न विचारता वाचायला सुरुवात केली आणि सहाव्या ओळीपर्यंत घडाघडा गेल्या. काकांनी खिशातलं पेन काढलं. या महिन्याच्या अहवालात निरंक लिहायचं कारण उरलं नव्हतं. उजवे: एक. डावे: एक.

"गाडी सुरेख आहे, भावोजी," अक्का म्हणाल्या. "इतक्या लांब आलात, वाटेत कुठं अडली नाही? तेल तरी कुठलं घालता हिला?"

चाळीस वर्षांच्या संसारानंतर काकूंना ठाऊक होतं की या प्रश्नाचं उत्तर झाडूपासून सुरू होणार.

काका म्हणाले, "पंधरा-चाळीस. सगळ्या डिझेलला चालतं."

आणि गप्प बसले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस आजारी तर नाही ना, असं एक क्षण त्यांना वाटलं. मग झाडूला भ्यायल्याबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला.

"असं काय सांगता हो? अक्का, तो नियम यांनी लिहिलाय. बावीस वर्षं सगळ्या दवाखान्यांच्या गाड्या यांच्या शब्दावर चालतायत. एकशे बारा पानांची फाइल आहे. जा हो, घेऊन या ना. माझ्या गादीखाली आहे, खचलेल्या फळीवर. तिच्यावर पाठ टेकूनच तर इथवर आले मी."

काका उठले. फाइल त्यांनी गादीखालून अलगद ओढली. तिच्यावरून बायको तीनशे किलोमीटर आली होती आणि एक पान मुडपलं नव्हतं. त्यांनी ती शर्टाला पुसली आणि अक्कांपुढं धरली.

अक्कांनी ती हातात घेतली नाही. बहिणीला पलंगावर नीट आडवी व्हायला सांगितलं, काठी खुर्चीला टेकवून ठेवली आणि डोकं उशीला टेकलं.

"तुम्हीच वाचा, भावोजी. पहिल्या पानापासून."

काकांनी फाइलची दोरी सोडली. "परिशिष्टं सोडून वाचू का?"

"परिशिष्टंही वाचा," अक्का म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"